सड्यावरचं मोठं वळण

आमच्या पात्रांवांबरोबर मालवणच्या बाजारात जायचं म्हटलं की माझ्या जिवावर यायचं. माणूस रस्त्याच्या कडेने सरळ चालेल तर शपथ. वळण आलं की हे आधी रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला जायचे, मग तिरके आत घुसून कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीला खांदा घासायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचे. मागून रिक्षा, समोरून एसटी, मधे डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली बाई. "ओ पात्रांव, दिसणा नाय काय तुमका?" असं ती बाई करवादायची. हे पिशवी सांभाळत मला शांतपणे सांगायचे, "बघलंस? तीन पावलां वाचली."

तीन पावलं वाचवायला आठ पावलांचा रस्ता ओलांडायचा, हा हिशोब मला कधी कळला नाही. शर्यतीतला गाडीवाला वळण असंच घेतो, बाहेरून आत आणि आतून बाहेर, म्हणजे वळण होतं त्याहून सरळ होतं, हे त्यांनी मला शंभरदा समजावलं असेल. समजलं मला पहिल्याच वेळी. पण गाडीवाल्याच्या वाटेवर कोळणी बसलेल्या नसतात, हे त्यांना कोण समजावणार?

पात्रांव म्हणजे मालक. मी त्यांचा भाडेकरू. गावातले सगळे त्यांना पात्रांवच म्हणायचे, नावाने हाक मारणारे फक्त चर्चमधले फादर. मी मूळचा नांदगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर म्हणून मालवणला बदली झाली, आणि शहरातली भाडी परवडेनात म्हणून जवळच्या गावात खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. बघायला आले ते लुंगीवर, हातात नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, घेऊन.

"रस्त्याच्या खात्यात? खंयचो रस्तो तुझो?"

मी जरा छाती फुगवून सांगितलं.

"मगे त्या चढावरच्या वळणार पाणी आतल्या अंगाक जाता की भायल्या?"

मी म्हटलं, बघावं लागेल.

"खोली घे," ते म्हणाले. "तुका बरांच शिकवूचा आसा."

झालं. तेव्हापासून पाच वर्षं मी त्यांच्या घरात राहिलो आणि खात्याच्या प्रत्येक खड्ड्याचा जाब दिला. सकाळी पेज जेवताना समोर बसून विचारायचे, "तुझो तो पुलाकडचो रस्तो काय म्हणता?" जसा काही माझा मुलगा नापास झालाय. चिडायचो मी. मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांच्यावरचा राग टिकायचा नाही, कारण दर वेळी माणूस बरोबर निघायचा.

त्यांच्या पिशवीत कायम पाण्याची बाटली असे. पिण्यासाठी नव्हे, रस्त्यावर ओतायला. नवा रस्ता दिसला की वळणावर उकिडवे बसणार, बाटलीभर पाणी ओतणार आणि ते कुठे जातं ते बघत राहणार. एकदा आमच्या खात्याने गावातल्या एका वळणाचं नवं डांबरीकरण केलं. वरचे साहेब आले, नारळ फुटला, पेढे वाटले. आणि हे गर्दीतून पुढे आले, साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर पाणी ओतलं आणि बसले. पाणी निघालं बाहेरच्या कडेला. वळणावर बाहेरची कड उंच हवी, पाणी आतल्या अंगाला यायला हवं. बाहेर जातं म्हणजे गाडीसुद्धा बाहेर फेकली जाणार. हे साहेबांनाही कळलं आणि मलाही.

"पाणी खोटां बोलणा नाय, ओव्हरशेरानू," असं चारचौघांत म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की हातातला पेढा मी तसाच खिशात टाकला. आठ दिवस मी पात्रांवांशी बोललो नाही. पेजसुद्धा माझी मी खोलीत शिजवली, करपवली. नवव्या दिवशी मुकाट्याने लेव्हलचं यंत्र घेऊन त्या वळणावर गेलो आणि उंची मोजली. बाहेरची कड चार बोटं खाली. वळण पुन्हा करून घ्यावं लागलं. घरी आलो तर ते माझ्यासाठी बांगडा भाजत होते. ताटात दोन वाढले.

हे सगळं ते शिकले आखातात. तरुणपणी गेले ते डांबर टाकणाऱ्या टोळीत मजूर म्हणून, आणि वीस वर्षांनी आले ते शर्यतीच्या मोटारींचा एक अख्खा ट्रॅक बांधून, टोळीचे मुकादम होऊन. नुसत्या वाळवंटात तो ट्रॅक उभा राहिला होता. "वळणां साहेबाची, डांबर आमचां," असं ते सांगायचे. नकाशा परदेशी साहेबाने काढलेला असायचा. साहेब संध्याकाळी ट्रॅकवर चालायला निघाला की हे मागे मागे जायचे आणि विचारत राहायचे. हे वळण इथेच का? एवढंच रुंद का? इथे एवढी मोकळी वाळू कशाला? साहेबालाही बोलायला कोणी नसावं, त्याने सगळं शिकवलं.

मग ते मला शिकवायचे. पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक लांब सुंभाची दोरी टाकलेली असे. टोकाला टोक जोडलं की झाला ट्रॅक. पायाच्या अंगठ्याने ते ती दोरी सरकवत बसायचे आणि गजाली सांगायचे. पहिल्या शर्यती म्हणे एका शहरातून दुसऱ्या शहरात जायच्या, लोक जातात-येतात त्याच रस्त्यावरून. धुळीत काही दिसायचं नाही. कुत्री मधे यायची, माणसं बघायला रस्त्यात उभी राहायची, आणि मरायची. मग कोणीतरी शहाण्याने रस्ता वाकवून परत निघाल्या जागी आणला. लोकांना एका जागी बसवता येऊ लागलं. पुढे मोठी लढाई संपली, विमानांचे तळ ओस पडले, त्यांच्या धावपट्ट्यांवर शर्यती होऊ लागल्या. कडेला पेंढ्याचे भारे लावायचे, मग टायर आले, मग खडीचे आणि वाळूचे मोकळे पट्टे आले.

"आधी विचारायचे, गाडी किती जोरात जायत," ते सांगायचे. "बरीच माणसां मेल्यार विचारूक लागले, सुटली तर खंय जायत. ह्या दुसऱ्या प्रश्नाक ट्रॅक म्हणतत."

स्वतः ते कधी शर्यतीत धावले नाहीत. "माका धावूक येणा नाय. धावणारो चुकलो तर खंय थांबतलो, ता माका कळता."

आता सड्याचं सांगतो. गावाच्या वर जांभ्याचा सडा आहे, म्हणजे सपाट कातळ, उघडा, काळा, मैलभर पसरलेला. एका टोकाला चिऱ्याची जुनी खाण आहे, सोडून दिलेली. दुसऱ्या टोकाला माती, गवत आणि त्यापलीकडे खाली समुद्र. एका वर्षात गावच्या उतारावर दोन तरणे मुलगे मोटारसायकलवरून पडून गेले. रस्ता खात्याचा होता, म्हणजे माझा. दोन्ही अंत्ययात्रांना पात्रांव गेले. एकाला दफनभूमीत, दुसऱ्याला स्मशानात. गावात सभा झाली. कोणी म्हणालं गतिरोधक घाला, कोणी म्हणालं पोरांच्या गाड्या काढून घ्या. हे मागून उठले आणि म्हणाले, "पोरां धावतलीच. तेंका धावूक जागो देवा."

लोक हसले. हे सड्यावर जायला लागले. दोन वर्षं, पावसाळा सोडून, रोज. काठीला सायकलचं चाक लावून ते फिरवत अंतर मोजायचे. कागदावर रेघ काढायची नाही, आधी शंभर वेळा चालायचं, हा त्यांचा नियम. शेवटी गावाने मान तुकवली. सडा गावाचा सामाईक. मोटारसायकलींची शर्यत ठरली, मातीवरची. कुडाळ, कणकवली, गोव्याहूनही मुलं येणार होती. तहसीलपासून सगळ्या परवानग्यांसाठी मी पायताणं झिजवली. दर रविवारी सड्याची लेव्हलही मीच घेतली, आणि त्यांनी वाट चुन्याने आखली. कडेला लावायला टायर मिळेनात, तेव्हा त्यांनी मालवण बंदरावरून फाटकी मासळीची जाळी आणली आणि त्यांत नारळाची सोडणं ठासून भरली. गावातल्या बायका पंधरा दिवस ती जाळी शिवत होत्या. माणूस आदळला तर गादीवर पडल्यासारखा पडेल, असे ते भारे झाले होते.

आणि ते मोठं वळण. सरळ पट्टा खाणीच्या बाजूने निघून समुद्राच्या बाजूला यायचा, तिथून पुढे डावीकडे एक लांबच लांब वळण. सबंध ट्रॅकमध्ये त्यांचा जीव तिथे होता. वीस वर्षं दुसऱ्याच्या वळणांवर डांबर घातलेल्या माणसाचं हे पहिलं स्वतःचं वळण. मला तिथे उभं करून म्हणाले होते, "हय गाडी आतल्या अंगाक कलली की वळाण संपेपर्यंत तशीच आडवी ऱ्हवतली. मधेच एकदा समुद्र दिसतलो. मगे सरळ."

या वळणाच्या आतल्या अंगाला एक दगड होता. राखणदार. गावाची सीमा राखणारा देव. शेंदूर नाही, देऊळ नाही, वर्षातून एकदा नारळ. आणि मी काय केलं असेल? त्याच्यावर लेव्हलची पट्टी ठेवली. मोजणीला न हलणारा एक दगड लागतो, त्यावरून बाकी सगळ्या उंच्या काढायच्या. सड्यावर तोच एक न हलणारा. लहानपणापासून देवाला प्रदक्षिणा घालत आलेला मी, नांदगावच्या देवाच्या गाऱ्हाण्यात घसा फोडून 'व्हय म्हाराजा' ओरडणारा मी, आणि नकाशावर मला तो नुसता मोजणीचा ठिपका दिसला.

शर्यतीला दोन दिवस असताना गावकर सड्यावर आले. गावकर म्हणजे गावच्या देवस्थानाचे पहिले मानकरी, देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालणारे. मोजकं बोलणारा म्हातारा. त्यांचाच मुलगा, कुडाळला गॅरेज चालवणारा, शर्यतीत पहिलं नाव देऊन बसला होता. गावकरांनी मला विचारलं, "ओव्हरशेरानू, पोरां खंयच्या अंगान फिरतली?"

मी हात फिरवून दाखवला.

"म्हणजे राखणदार डाव्या हाताक?"

माझा हात हवेतच राहिला. देवाभोवती फिरताना देव उजव्या हाताला ठेवतात. उलटी फेरी असते ती चितेभोवती. हे मला, बामणाच्या पोथीतून नव्हे, आईच्या कडेवर असल्यापासून माहीत होतं.

शर्यतीच्या कमिटीतला एकजण म्हणाला, "सोपां आसा. पोरांक उलट्या अंगान सोडूया."

तेव्हा पात्रांव बोलले. "उलटी सोडशात तर ह्या सरळ पट्ट्याच्या शेवटाक काय आसा ता बघून येवा." कोणी हललं नाही. "खाण आसा. तीन पुरूस खोल. आता पोरगो खाणीकडसून हळू निघता आणि मोकळ्या मातीकडे जोरात येता. सुटलो तर मातीत लोळात. उलटी फिरवलास तर भरधाव खाणीकडे येतलो. मी सगळी मोकळी जागा ह्या बाजूक ठेवलंय, त्या बाजूक वीत नाय."

"मगे राखणदाराक डावी घालूची?" गावकर म्हणाले. "पोरांच्या जिवाक काय झाला तर गाव माका विचारतलो."

"पोरांच्या जिवाचांच मी बोलतंय. उलटी फिरवची आसात तर मी आत्ताच जाळी सोडतंय आणि चुनो पुसतंय. माझ्या वाटेर कोण मरूचो नाय."

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत उभे. दोघांनाही पोरं जगायला हवी होती, आणि दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता. गावकरांचा मुलगा मधे उभा राहून बुटाने माती उकरत होता. गावकर जाताना म्हणाले, उद्या दुपारपर्यंत काय ते सांगा, नाहीतर शर्यत नाही.

घरी येताना मी म्हटलं, "पात्रांव, चूक माझी. मला कळायला हवं होतं." पट्टी ठेवल्याचंही सांगून टाकलं.

ते थांबले. "मी ह्याच गावात जल्माक इलंय. तुझ्यापेक्षा माका आधी कळाक व्हया होता." मग म्हणाले, "त्या धोंड्याक एक नारळ ठेव. आपण होऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत दोरी पसरलेली, आत राखणदार म्हणून एक नारळ ठेवलेला. ते खुर्चीत बसून नुसते बघत होते. मी ऑफिसला दांडी मारली. बराच वेळ गेला. मग त्यांनी अंगठ्याने दोरी धरली आणि आत ओढली. हळूहळू, नारळावरून उचलून त्याच्या आतल्या बाजूला. नारळ दोरीच्या बाहेर पडला. त्यांनी हवेत गाडीचं हँडल धरल्यासारखे हात केले, डावीकडे वळत गेले आणि उजवा हात नारळाकडे केला.

"फिरूची ती त्याच अंगान फिरतली," ते म्हणाले. "पण देव आता वाटेच्या भायेर. उजव्या हाताक. देवाक चलात?"

मी पुरता वेड्यासारखा हसलो. मग बघितलं तर ते हसत नव्हते.

"पण आता सुटलेलो पोरगो थेट तेच्यार जातलो," असं म्हणून त्यांनी दोरीला नारळाच्या आधी एक घट्ट मुरड घातली. मग आणखी एक. "म्हणून तेच्या आधी तेका पार हळू करूक व्हयो. चालवत हाडूक व्हयो." ते लांब वळण संपलं. त्याच्या जागी दोन कोंबड्यांच्या खुराड्यांमधून सायकल काढावी तशी वाट झाली. ते त्या मुरडीकडे बघत राहिले, आणि मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, दुसरं काही सुचेल, थोडा वेळ घ्या. ते म्हणाले, "वेळ नाय. आणि ह्यां बरोबर आसा."

मी गावकरांकडे पळालो. त्यांनी ऐकून घेतलं, काठी घेऊन सड्यावर आले. पात्रांवांनी दाखवलेल्या नव्या वाटेवरून स्वतः चालले, उजवा हात पसरून. राखणदारापाशी थांबले, हात जोडले. परत येऊन म्हणाले, "उजव्या हाताक येता. चलात." दगडापुढे सोडणांचे भारे लावायलाही त्यांनी हरकत घेतली नाही. सगळं गाव जाळी हलवायला आलं. मोठ्या वळणाचा चुना मात्र पात्रांवांनी एकट्याने पुसला, पायाने. मी मदतीला गेलो तर म्हणाले, तू तुझी लेव्हल बघ.

शर्यतीच्या सकाळी गावकरांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आमच्या ह्या किरिस्तांव भावान पोरांसाठी ही जी वाट घातल्यान हा, तेच्यार धावणाऱ्या लेकरांचा तू रक्षण कर रे म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. पात्रांवांचा आवाज सगळ्यांत मोठा. आणि मग त्यांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली.

तिसऱ्या फेरीला गावकरांच्या मुलाचा ब्रेक लागला नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटी, सगळ्यात जास्त वेगात. तो वळलाच नाही. सरळ मोकळ्या मातीत गेला. तिथला एकेक दगड आम्ही हाताने वेचला होता. साठ-सत्तर पावलं गाडी घसरत गेली, सोडणांच्या भाऱ्यात शिरली आणि आडवी झाली. तो उठला, शर्ट झटकला, जाळ्यात अडकलेला पाय सोडवू लागला. लोक हसायला लागले. कोणी शिट्टी मारली. गावकर हसले नाहीत. ते मान वळवून पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे, खाणीकडे बघत होते.

बाकी शर्यत नीट झाली. फक्त राखणदाराजवळच्या मुरडीला सगळ्यांनी नावं ठेवली. गोव्याचा एक मुलगा, दुसरा आला तो, सगळ्यांदेखत म्हणाला की एवढा बरा ट्रॅक आणि मधेच हे काय बैलगाडीचं वळण, कोणी काढलं? माझं डोकं सणकलं. मी सांगायला पुढे झालो तर पात्रांवांनी माझं कोपर धरलं. "बोलांदे तेका. हातपाय जाग्यार आसत म्हणून बोलता."

उन्हं उतरली, गर्दी पांगली. आम्ही भारे गोळा करत होतो. गावकर खाणीच्या काठावर जाऊन आले होते. काठी टेकत आमच्याकडे आले.

"पात्रांव," ते म्हणाले, "ता तुमचां मोठां वळाण खंयसून खंय होता? माका दाखवा."

पात्रांवांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. सुरुवातीच्या टोकाकडे निघाले, मग थांबले, आणि गावकरांना घेऊन शेवटच्या टोकाकडे गेले. तिथून दोघं चालायला लागले, पुसलेल्या चुन्यावरून, उलटे, म्हणजे राखणदार उजव्या हाताला राहील असे. मी मागे. पात्रांव हाताने दाखवत होते. हय गाडी उठतली होती. हय आडवी. एका जागी त्यांनी गावकरांच्या दंडाला धरून थांबवलं. "हयसून समुद्र." गावकरांनी डोळ्यांवर हात धरून समुद्र बघितला, घाई न करता. मग दोघं पुढे निघाले. माझे डोळे भरून आले होते, पण दोघंही मागे बघत नव्हते म्हणून चाललं.

टोकाला पोचल्यावर गावकरांनी वळून सगळ्या वळणावरून नजर फिरवली.

"लांब आसा वो," ते म्हणाले.

"व्हय," पात्रांव म्हणाले. "माका खूब आवडायचां."